आरव्हीतलं कपाट ओसंडतंय, तरी घालायला काही नाही, वर कुबट वास: तपासायला कुठून सुरुवात करायची

लक्षणं

आरव्हीत, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीत, राहत असाल आणि यातली तीन-चार जुळत असतील तर पुढचं वाचा.

कपाट उघडलं की वरच्या खणातलं काहीतरी डोक्यावर पडतं, पण सकाळी घालायला म्हणून काही सापडत नाही. आठवडाभर तेच दोन टीशर्ट आणि तीच एक पँट फिरत असते. मळक्या कपड्यांची पिशवी शॉवरमध्ये, आंघोळीच्या आधी ती उचलून पलंगावर, झोपायच्या आधी पलंगावरून परत शॉवरमध्ये. धुतलेला शर्ट अंगात घातला की थोड्याच वेळात कुबट वास यायला लागतो. कपाटाच्या मागच्या भिंतीला टेकलेले कपडे सकाळी हाताला गारढोण लागतात, कधी चक्क ओले. जाकीट हवं असेल तर पलंगाची फळी उचलावी लागते. आणि गाडी थांबवून बघावं तर हँगरची दांडी निसटून सगळ्याचा खाली ढीग.

सगळ्यात मोठं लक्षण म्हणजे हे सगळं तुम्ही एकदा आवरलेलं असतं, पोतंभर कपडे देऊनही टाकलेले असतात, आणि दोन-तीन महिन्यांत ये रे माझ्या मागल्या.

मी हे स्वतःच्या गाडीत आणि ओळखीच्यांच्या गाड्यांत इतक्यांदा निस्तरलंय की आता कपाटाकडे बघायच्या आधी मी दोनच प्रश्न विचारते, धुणं किती दिवसांनी होतं आणि धुतलेलं वाळायला किती तास लागतात. कारण बहुतेक जण कपाटाच्या मापाने कपडे ठरवतात, एवढी जागा आहे ना मग एवढे मावतील, आणि घरात ते खपून जातं कारण घरात वाळवायचं कधी अडत नाही. आरव्हीत अडतं. धुणं आणि वाळणं हे दोन आकडे माहीत नसतील तर कितीही डबे, हुक आणि पिशव्या आणा, गाडं परत तिथेच येतं.

खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून खर्चाच्या तपासणीकडे जातो. मधलं गाळून शेवटाकडे उडी मारू नका, निम्म्या लोकांचं दुखणं पहिल्या तिनांत संपतं.

१. आधी नुसतं बघा, काही काढू नका

आज सगळे हँगर दांडीच्या डाव्या टोकाला सरकवा. घातलेला कपडा धुवून आला की तो उजवीकडे टांगायचा. घडी घालून ठेवलेल्यांचंही तेच, वापरलेलं वरच्या थरात, बाकीचं खालीच राहू दे. महिनाभर एवढंच करा.

हे का, तर "मी काय घालते" याबद्दल आपल्या डोक्यात जे चित्र असतं ते खरं नसतं. ऑफिसच्या काळातले शर्ट, बारीक झाल्यावर घालायची जीन्स, कुणीतरी प्रेमाने दिलेला स्वेटर हे सगळं डावीकडे तसंच बसून राहतं, आणि मग ते देऊन टाकायला कुणाशी वाद घालावा लागत नाही, स्वतःशीसुद्धा नाही. फक्त एक सांभाळा, हवामान बदलायच्या तोंडावर असाल तर थंडीचे आणि पावसाचे कपडे या हिशोबात धरू नका, नाहीतर उन्हाळ्यात रेनकोट देऊन टाकाल आणि पहिल्या सरीला परत विकत घ्याल.

"लागेल कधीतरी" म्हणून ठेवलेल्या प्रत्येक कपड्याला एक प्रश्न विचारायचा: हा नसताना तो प्रसंग आला तर माझं खरंच काही अडेल का? लग्नकार्य, अंत्यविधी, मुलाखत यासाठी एक बरा जोड आणि एक बरे बूट ठेवा, ते अडतं. दुसरा बरा जोड अडत नाही.

२. धुण्याचं गणित

तुमचं धुणं साधारण किती दिवसांनी होतं ते आठवून लिहा. "हवं तेव्हा" हे उत्तर नाही. बहुतेकांचं सात ते दहा दिवसांत होतं, गावापासून लांब मुक्काम असेल तर दोन आठवडे जातात.

आतले कपडे आणि मोजे धुण्याच्या दिवसांइतके अधिक दोन. ते दोन का, तर धुण्याच्या दिवशीच पाऊस लागतो, मशीन बंद असतं, गाडी कुठेतरी अडकते. अंगाला लागणारे वरचे कपडे, म्हणजे टीशर्ट-शर्ट, त्याच्या साधारण निम्मे, कारण बरेचसे दोनदा घातले जातात (उकाड्यात नाही, तिथे रोजचा एक धरा). पँटी तीन पुरतात. अंगावर एक, दोरीवर एक, कपाटात एक. जाकीट, स्वेटर वगैरे जे अंगाला थेट लागत नाही त्याचा धुण्याशी फारसा संबंधच नाही, ते एकेकच.

इथे एक गोष्ट लोक विसरतात, मळक्या कपड्यांची जागा. रोज घातलेला कपडा कपाटातून निघून पिशवीत जातो, म्हणजे सगळ्या कपड्यांना मिळून लागणारी जागा तेवढीच राहते, फक्त ती सरकते. कपाट गच्च भरलेलं आणि पिशवीला स्वतंत्र जागा नाही, असं असेल तर पिशवी शॉवरमध्येच जाणार, दुसरं होणार काय! म्हणून कपाटाचा साधारण पाचवा हिस्सा मुद्दाम रिकामा ठेवायचा आणि पिशवी तिथे. जाळीची पिशवी घ्या, प्लास्टिकची नको, घामट कपडे बंद पिशवीत राहिले की वासाची सुरुवात तिथूनच होते.

रंगाचं सांगायचं तर मळखाऊ घ्या आणि सगळे एकाच धुण्यात टाकता येतील असे घ्या. पांढऱ्यांचा वेगळा घाणा आरव्हीत परवडत नाही. पाण्याचा प्रश्न आहे, पैशांचा आहे, आणि दोन घाण्यांची दोन ओझी वाळवायची कुठे हा तर सगळ्यात मोठा.

३. वाळायला किती वेळ लागतो

माझ्या मते खरी तपासणी हीच, आणि ती कुणी करत नाही.

संध्याकाळी एक टीशर्ट, एक पँट आणि मोज्यांचा एक जोड हाताने धुवा. कोरड्या टॉवेलवर पसरून, टॉवेलसकट घट्ट गुंडाळून, वर गुडघा टेकवून दाबा, म्हणजे बरंचसं पाणी टॉवेलात उतरतं. मग आतल्या दोरीवर टाका, छतावरचा पंखा हळू चालू ठेवा. सकाळी उठून हात लावायचा तो कापडाच्या मधल्या भागाला नाही. पँटीचा कंबरपट्टा, खिशांचं अस्तर, शर्टाची काखेतली शिवण, मोज्याची टाच, या चार जागा चिमटीत धरून बघा. मधलं कापड खडखडीत वाळलेलं असतं आणि खिशाचं अस्तर अजून ओलं असतं, आणि आपण "वाळलं" म्हणून घडी घालून कपाटात ठेवतो. कुबट वास येतो तो तिथून. कापड बराच वेळ ओलसर राहिलं की त्यातले जिवाणू वाढतात, आणि नंतर कितीही सुवासिक पावडर टाका, वास वरवर झाकला जातो एवढंच.

कापडाकापडात किती फरक असतो ते बघा. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना सुती कापड नुसतं टांगून ठेवलं तरी स्वतःच्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओल धरतं, लोकर १६ टक्क्यांच्या आसपास, नायलॉन ४ टक्के आणि पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून पातळ सिंथेटिक कपडे रातोरात वाळतात आणि जाड जीन्स दोन-दोन दिवस दोरीवर लोंबत राहते. पण लगेच सगळं पॉलिएस्टर करू नका, कारण त्याला अंगाचं तेल धरून ठेवायची खोड असते आणि घामाचा वास त्याच्यातून लवकर जात नाही. पातळ मेरिनो लोकर महाग पडते पण दोन-तीनदा घातली तरी वास धरत नाही, वाळतेही बऱ्यापैकी. माझं स्वतःचं मत विचाराल तर बाहेर चालायला-फिरायला मिश्र धाग्याचं पातळ कापड, झोपायला सुती, आणि थंडीत अंगालगत मेरिनो. गॅसपाशी उभं राहताना मात्र ढगळ बाह्यांचं सिंथेटिक नको, पेटलं तर ते वितळून कातडीला चिकटतं.

जीन्स एकच ठेवा. आवडते म्हणून ठेवा, सोयीची म्हणून नाही.

थंडीसाठी एक जाड कोट ठेवण्यापेक्षा तीन पातळ थर ठेवा, अंगालगतचा, मधला उबेचा, आणि वरचा वारा-पाऊस अडवणारा. कोट कपाटातली चार हँगरची जागा खातो आणि थंडीतच वापरता येतो, उलट हे तीन थर वेगवेगळे वर्षभर उपयोगी पडतात आणि एकेक करून धुता-वाळवता येतात. टॉवेलचंही तसंच, जाड झुबकेदार टॉवेल आरव्हीत कधी नीट वाळत नाही, पातळ विणीचा घ्या.

४. काय कुठे ठेवलंय

यावर फार वेळ घालवू नका. वरच्या खणांत हलकं आणि फुगीर, खाली जड. दांडीवर फक्त चुरगळणारे कपडे, बाकी गुंडाळून आडव्या डब्यांत, उभे लावलेले, म्हणजे एक काढताना दुसरे विस्कटत नाहीत. दांडी निसटत असेल तर ती ज्या स्क्रूंवर आहे ते बघा, पातळ प्लायमध्ये नुसता स्क्रू हादऱ्यांनी ढिला होतोच, मागे लाकडाची पट्टी लावून त्यात पिळा.

व्हॅक्यूमच्या, म्हणजे आतली हवा काढून कपडे दाबायच्या, पिशव्यांबद्दल सगळे विचारतात. त्या जागा वाचवतात, वजन नाही. आणि किंचितही दमट कपडा आत बंद केला की बुरशीला आयतं घर. पिसांचं जाकीट त्यात महिनोन्महिने दाबून ठेवलं तर त्याची फूग जाते.

सांडपाण्याची टाकी रिकामी करायचे कपडे आणि हातमोजे बाहेरच्या खणात, वेगळ्या डब्यात. सांडपाण्याच्या नळीच्या खणात नाही, आणि आतल्या कपाटात तर अजिबात नाही. डांबराच्या गोळ्याही आत नकोत. त्यातली वाफ एवढ्याशा बंद जागेत आपणच रात्रभर हुंगत बसतो. लोकरीचे कपडे धुवून, पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले की कसर लागत नाही.

५. हवेतली ओल मोजा

इथून थोडा खर्च सुरू होतो. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र आणा, शक्यतो दोन, एक खोलीत आणि एक कपाटात मागच्या भिंतीला टेकवून. तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा. ५० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, सतत ६० च्या वर राहत असेल तर वासाचं मूळ कपड्यांत नाही, हवेत आहे.

ही ओल येते कुठून ते एकदा समजून घ्या, मग उपाय आपोआप सुचतात. मशिनमधून पिळून आलेल्या कपड्यांत साधारण त्यांच्या कोरड्या वजनाच्या निम्मं पाणी असतं, म्हणजे ४ किलो धुणं आत टाकलं की २ लिटर पाणी आत. आता २० अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास वाफ धरू शकते. मध्यम आरव्हीत २५ घनमीटर हवा धरली तर पूर्ण कोरड्या हवेतसुद्धा अर्धा लिटर मावत नाही. मग उरलेलं दीड लिटर जाणार कुठे? काचेवर, गादीखाली, आणि कपाटाच्या मागच्या गार भिंतीवर. त्यात भर गॅसची. १ किलो प्रोपेन जळला की १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. गाडीच्या मूळ भट्टीची, म्हणजे गाडीत बसवूनच आलेल्या गॅसच्या हीटरची, ती वाफ बाहेर जाते, पण शेगडीची आणि धुरांडं नसलेल्या हीटरची सगळी आत राहते. शिवाय आपला श्वास आणि घाम आहेच.

खोलीत २० अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर १२ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. थंड रात्री कपाटाची मागची भिंत सहज त्याच्या खाली जाते, कारण बंद दारामुळे खोलीची ऊब तिथे पोचत नाही आणि खच्चून भरलेले कपडे उरलीसुरली हवाही अडवतात.

म्हणून आधी फुकटचे उपाय. कपडे मागच्या भिंतीपासून दोन-तीन बोटं पुढे ठेवा. थंड रात्री कपाटाचं दार किलकिलं ठेवून झोपा. स्वयंपाक आणि आंघोळीच्या वेळी छतावरचा पंखा चालू आणि समोरच्या टोकाची खिडकी बोटभर उघडी, नुसता पंखा लावून उपयोग नाही, हवा आत यायला वाट हवी. वाळवण शक्यतो बाहेर, आतच टाकावं लागलं तर एका वेळी थोडं आणि पंखा सुरू असतानाच. एवढ्यानेही आकडा उतरला नाही तर कपाटात हवेतली ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराईडचे डबे ठेवा, पण गाडी हलायच्या आधी काढा, त्यातलं खारट पाणी सांडलं तर कपडे आणि धातू दोन्ही खराब करतं. त्यानंतर आर्द्रता कमी करणारं यंत्र. कॉम्प्रेसरवालं थंडीत, साधारण १५ अंशांच्या खाली, फारसं काम करत नाही, तिथे ओल शोषून घेणाऱ्या चाकाचं यंत्र लागतं. चिमुकली, स्वस्त, हातात मावणारी यंत्रं घेऊ नका, ती दिवसभरात कपभर पाणी काढतात आणि तुम्ही लिटरांनी आत टाकताय.

बुरशीचे ठिपके पडलेला कपडा आत झटकू नका, बाहेर उन्हात नेऊन ब्रशने झाडा, मग ऑक्सिजन ब्लीच टाकून कोमट पाण्यात भिजवून धुवा, आणि वाळेपर्यंत उन्हातच. क्लोरीनचं ब्लीच वापरत असाल तर व्हिनेगर किंवा अमोनियावालं काहीही त्याच्यात मिसळायचं नाही, विषारी वायू तयार होतो आणि आरव्हीत पळायला जागा नसते.

६. वजन करा

एखादी जाड जीन्स पाऊण किलोच्या आसपास भरते, बूट त्याहून जास्त. सामान तोलायचा हातातला काटा घ्या, कपडे पिशवीत भरून एकेक पिशवी टांगा, बुटांसकट, पांघरुणांसकट. बेरीज बघून चमकायला होतं. आणि आता दाराजवळच्या स्टिकरवर गाडी किती सामान वाहू शकते तो आकडा बघा. त्यातून भरलेल्या टाकीचं पाणी वजा करा (लिटरला एक किलो), मग माणसं, भांडी, अवजारं. उरतं ते कपड्यांचं.

ओढायचा ट्रेलर असेल आणि कपाट अगदी मागच्या टोकाला असेल तर जास्त काळजी घ्या. मागे वजन वाढलं की पुढच्या जोडावरचा भार कमी होतो आणि ट्रेलर वेगात डुलायला लागतो. गाडीमागे जोडायच्या साध्या ट्रेलरमध्ये जोडावर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा असतो. शंका असेल तर भरलेली गाडी वजनकाट्यावर न्या, प्रत्येक आसाचं, म्हणजे चाकांच्या प्रत्येक जोडीवरचं, वजन वेगळं घ्या.

७. भिंत गळतेय का

सगळं करूनही कपाटातला एकच कोपरा ओला राहतो का? मग रिकामं करा आणि टॉर्च तिरकी धरून बघा. पिवळट-तपकिरी डाग, फुगलेला वॉलपेपर, काळी रेघ. अंगठ्याने दाबा, भिंत टणक लागली पाहिजे. मग बाहेरून त्याच जागेच्या वर काय आहे ते बघा, छताच्या कडेचं सीलंट (फटी बुजवायचा लेप), खिडकीची चौकट, वरचे छोटे दिवे, शिडीचे स्क्रू. पाणी जिथून शिरतं तिथेच दिसतं असं नाही, ते भिंतीच्या आतून वाहत दुसरीकडे उतरतं.

सीलंटला केसाएवढी चीर दिसली, भिंत टणक आहे, आणि सुरक्षितपणे वर चढता येतंय, तर साफ करून तुमच्या छताच्या प्रकाराला चालणारं सीलंट स्वतः लावा. रबरी छतावर सिलिकॉन लावू नका, नीट चिकटत नाही आणि नंतर दुसरंही काही चिकटू देत नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

दाबल्यावर भिंत मऊ लागली किंवा बाहेरचा पत्रा-फायबर फुगलेला दिसला तर आतलं लाकूड कुजलंय, वरून सीलंट लावून ओल आत कोंडू नका. बुरशी साधारण एक चौरस मीटरपेक्षा जास्त पसरली असेल किंवा भिंतीच्या आत गेली असेल तर तिला स्वतः हात लावायचा नाही. गाडीत झोपल्यावर खोकला, धाप, डोळे चुरचुरणं आणि बाहेर पडल्यावर बरं वाटणं असं होत असेल तर आधी डॉक्टर, मग कपाट. कपाटाची मागची किंवा खालची फळी गरम लागते, कपडे भट्टीच्या किंवा फ्यूजच्या पेटीला टेकताहेत, जळका वास येतोय, तर कपडे काढा, वीज बंद करा आणि जाणकाराला दाखवा. आसावरचं वजन मर्यादेच्या वर निघालं तर जड टायर घालून ते सुटत नाही, सामान कमी करा आणि तोपर्यंत लांबचा प्रवास नको. गॅस किंवा कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म वाजला तर काहीही तपासत बसायचं नाही, सगळ्यांनी बाहेर आणि मदतीला फोन.

मेकॅनिकला बोलवायच्या आधी दोन गोष्टी लिहून ठेवा, त्याचे तास आणि तुमचे पैसे वाचतात. एक, कोपरा पावसानंतर ओला होतो की कोरड्या थंड रात्रीनंतर. पावसानंतर असेल तर गळती, थंड रात्रीनंतर असेल तर दव, आणि दवासाठी त्याला बोलवायची गरजच नाही, पाचव्या तपासणीकडे परत जा. दोन, गाडी कुठल्या बाजूला कललेली असताना होतं ते. आणि कपाट रिकामं करून ठेवा, तो ते करत बसणार नाही.